मदत हवी आहे : व्होल्टेज वाढवले तरी एलईडी बल्बचा उजेड तेवढाच, मग वाढीव वीज जाते कुठे?

कलमबागवाला :

देवगड तालुक्यात सड्यावर आमची हापूसची कलमे आहेत. बागेत वीज नाही आणि फळ धरू लागले की मेअखेरपर्यंत रात्रीची राखण ठेवावी लागते, त्यामुळे घरात तीन जुने टॉर्च वापरात आहेत : एक दोन मोठ्या सेलचा, एक तीन सेलचा आणि एक मोठा, ६ व्होल्टच्या लेड ॲसिड बॅटरीचा. (आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, येथे गोंधळ नको म्हणून मी टॉर्च हाच शब्द वापरतो.)

या टॉर्चमधले तारेचे बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब मी दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणले. दोन्हींच्या पाकिटावर ‘३ ते ९ व्होल्ट’ असे छापलेले आहे आणि दिसायलाही दोन्ही सारखेच आहेत. पहिल्या आठवड्यातच राखणदाराने तक्रार केली, “उजेड बरो आसा, पण मोठ्या बॅटरेचा तोंड तापता.” म्हणून मी मल्टिमीटर काढला आणि मागचे झाकण उघडून, १० अँपिअरच्या सॉकेटवरून, दोन्ही बल्बांचा प्रवाह मोजला.

पहिला बल्ब तीन नव्या अल्कलाइन सेलवर, म्हणजे ४.५ व्होल्टला, ३०० मिलिअँपिअर घेतो आणि लेड ॲसिडवर ६.२ व्होल्टलाही ३०० मिलिअँपिअरच घेतो. दुसरा बल्ब ४.५ व्होल्टला २४० घेतो, पण ६.२ व्होल्टला त्याचा प्रवाह वाढण्याऐवजी १७० पर्यंत उतरतो. माजघर बंद करून टॉर्च आढ्याकडे रोखला आणि जमिनीवर ठेवलेल्या मोबाइलच्या ॲपवर उजेड पाहिला, तर दोन्ही बल्बांचा, दोन्ही व्होल्टेजवर, जवळपास सारखाच आला. दोन सेलवर मात्र दोन्ही बल्ब अगदीच मिणमिणतात, मग पाकिटावरचे ३ व्होल्ट कशासाठी छापले आहेत, हेही कळत नाही.

माझे प्रश्न असे : उजेड सारखा असताना एका बल्बचा प्रवाह स्थिर आणि दुसऱ्याचा उतरता का? कोणत्या टॉर्चमध्ये कोणता बल्ब घालावा? आणि तीन सेलच्या टॉर्चला नळी जोडून चौथा सेल घातला, तर राखणीची रात्र अधिक काळ निघेल का?

सोल्डरवाला :

तुमची मोजमापे इतकी स्वच्छ आहेत की उत्तर त्यांच्यातच आले आहे. पांढऱ्या एलईडीला या प्रवाहावर साधारण ३ व्होल्ट लागतात, मग मागे सेल कितीही असोत. पहिल्या बल्बात लिनिअर प्रकारचे सर्किट आहे : सेलमधून निघालेला प्रवाह जसाच्या तसा एलईडीतून जातो आणि ३ व्होल्टच्या वरचा सगळा दाब (म्हणजे व्होल्टेज) ते सर्किट उष्णतेत घालवते. एलईडीला मिळतात ३ गुणिले ०.३, म्हणजे ०.९ वॅट. ४.५ व्होल्टला तुम्ही देता १.३५ वॅट, म्हणजे कार्यक्षमता ६७ टक्के, ६.२ व्होल्टला देता १.८६ वॅट, म्हणजे जेमतेम ४८ टक्के. राखणदाराच्या हाताला लागणारी ऊब ती हीच.

दुसऱ्या बल्बात बक कन्व्हर्टर आहे. तो दाब जाळून टाकत नाही, वेगाने चालू-बंद होऊन कॉइलच्या साहाय्याने खाली उतरवतो, म्हणून व्होल्टेज वाढले की त्याला प्रवाह कमी पुरतो. उजेड तेवढाच आहे, म्हणजे एलईडीला सुमारे ०.९ वॅटच मिळत आहेत. दिलेली वीज अनुक्रमे १.०८ आणि १.०५ वॅट, म्हणजे ८३ ते ८५ टक्के. मोठ्या टॉर्चमध्ये डोळे झाकून हाच घाला.

चौथ्या सेलचे म्हणाल, तर पहिल्या बल्बाबरोबर तो जवळजवळ पूर्णपणे टॉर्च तापवण्याच्या कामी येईल. प्रवाह तोच राहतो, म्हणजे प्रत्येक सेल त्याच गतीने रिकामा होतो. फार तर शेवटी सेल खूप उतरल्यावर थोडा वेळ वाढेल. बकबरोबर मात्र चौथा सेल आपले काम करील.

आता एक गंमत. लिनिअर बल्ब तीन सेलवर वाटतो तितका वाईट नाही, कारण अल्कलाइन सेल १.५ व्होल्टवर फार काळ टिकत नाही. तो १.२ वर आला की तीन सेल मिळून ३.६ व्होल्ट होतात आणि कार्यक्षमता ८३ टक्क्यांवर जाते. सेल जुना होत जातो तशी नासाडी घटते! तारेच्या बल्बाचे याच्या नेमके उलट होते : व्होल्टेज १० टक्के घटले की त्याचा उजेड सुमारे ३० टक्के घटायचा. तीन सेलचा जुना बल्ब ३.५७ व्होल्टचा असे, तो सेल उतरणार हे गृहीत धरूनच.

दोन सेलवर हे दोन्ही बल्ब मिणमिणणारच, कारण दोघेही दाब फक्त खाली आणू शकतात. तेथे बूस्ट, म्हणजे दाब वाढवणाऱ्या, सर्किटचा बल्ब हवा. पण तो उलट वागतो : सेल उतरले की तेवढाच उजेड राखण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो. साध्या झिंक-कार्बन सेलचा अंतर्गत रोध जास्त असल्याने ते अशा ओढीखाली लवकर बसतात. त्यासाठी अल्कलाइन किंवा निकेल मेटल हायड्राइड सेलच घ्या.

जुना वायरमन :

हिशेब बरोबर आहे, पण खाऱ्या वाऱ्यात एक चोर आणखी असतो. टॉर्च चालू असताना सेलवर आणि बल्बाच्या टोकांवर, दोन्हीकडे व्होल्टेज मोजून पाहा. गंजलेल्या स्प्रिंगचा रोध एक ओहम असला, तरी ३०० मिलिअँपिअरला ०.३ व्होल्ट तेथेच जातात आणि दोन सेलच्या टॉर्चमध्ये तर तो दहावा हिस्सा होतो. झाकणाचे आटे आणि स्प्रिंग पॉलिश पेपरने घासा व पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा.

कलमबागवाला :

दोघांचेही आभार. वायरमनसाहेबांनी सांगितले तसे मोजले : तीन सेलच्या टॉर्चमध्ये सेलवर ४.४ आणि बल्बावर ३.९ व्होल्ट होते; स्प्रिंग घासल्यावर बल्बावर ४.३ आले. उजेडात मात्र काडीचाही फरक पडला नाही, कारण आत लिनिअर बल्ब होता आणि स्प्रिंगमध्ये जळणारा दाब आता तो स्वतः जाळतो, हे सोल्डरवाल्यांच्या उत्तरामुळेच लक्षात आले. बकचा बल्ब मोठ्या टॉर्चमध्ये घातला आहे आणि त्याचे तोंड आता तापत नाही.

एकच शंका उरली. हा बल्ब अखेरपर्यंत सारखाच उजेड देत असेल, तर लेड ॲसिड बॅटरी उतरल्याचे राखणदाराला कळणार कसे?

सोल्डरवाला :

कळणार नाही, आणि धोका तेथेच आहे. ६ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी ५.२५ व्होल्टच्या खाली नेऊ नये, पण तुमचा बल्ब त्याच्याही बराच खाली तेवढ्याच उजेडाने चालत राहील आणि एव्हाना बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट धरू लागलेले असेल. १७० मिलिअँपिअरच्या हिशेबाने ४ अँपिअर-तासांची नवी बॅटरी वीस तासांहून अधिक चालते. तेव्हा दोन रात्री झाल्या की उजेड कसाही असो, टॉर्च घरी आणून चार्जिंगला लावायचा, असे राखणदाराला बजावून ठेवा.