मदत हवी आहे: 'संशयकल्लोळ'ची तसबीर, हलणारी भिंत आणि खिशाचा अंगरखा

नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरच्या हौशी ग्रुपने 'संगीत संशयकल्लोळ' बसवलंय. प्रयोग पुढच्या महिन्यात, हुतात्मा स्मृती मंदिरात. नेपथ्य, कपडे, प्रॉपर्टी सगळं माझ्या गळ्यात. पदं तयार आहेत, मीच तयार नाही.

मुख्य घोळ तसबिरीचा. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या मूळ गद्य नाटकाचं नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', म्हणजे ही वस्तू फसली की नाटक फसलं. रेवतीला घेरी येते, तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते, कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळताना तिचा संशयी नवरा फाल्गुनराव बघतो. चार बाय सहा इंची केली, तर मागच्या रांगांना दिसेना. बारा बाय पंधराची केली, तर रेवती देवघरातला फोटो घेऊन बाहेर पडल्यासारखी वाटते! वर काच चमकते ती वेगळीच.

दुसरं, भिंत. लाकडी फ्रेमवर मांजरपाट ताणून रंगवलंय. फाल्गुनराव रागाने दार आपटतो आणि अख्खं घर हलतं. हशा येतो, पण चुकीच्या जागी.

अंगरखा गणवेश शिवणाऱ्या शिंपीकाकांकडे दिला होता. त्यांनी सवयीने छातीला खिसा लावून दिला. तो उसवता येईल. बैठकीवर सोलापुरी चादर घाला, असं सगळे सुचवतायत. पण ती प्रत्येकाच्या घरातली, लोक नाटक सोडून नक्षी ओळखत बसतील.

विंगेतला उंदीर: प्रेक्षकांना अश्विनशेठचा चेहरा दिसायची गरजच नाही. कोणाच्या हातात तीच वस्तू आहे, एवढं कळलं की पुरे. सहा बाय आठ इंच ठेवा, काच काढा आणि पाठीला लाल मखमल चिकटवा. तो लाल रंग दुसऱ्या कुणाच्याही कपड्यांत येऊ देऊ नका. हे नाटक ज्यावरून आलं, त्या फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 1660 सालच्या प्रहसनातही ही तसबीर बाईच्या हातातून पडणारी छोटीच आहे. आत प्लायचा तुकडा घाला, पडल्याचा आवाज आला पाहिजे.

बाळीवेसकर: दार भिंतीला बिजागरीने जोडलंय ना? चूक तिथंच आहे. चौकट वेगळी उभी करा, मागून तिरका टेकू द्या, पायाशी वाळूची पोती. भिंतीचं कापड चौकटीला नुसतं टेकू द्या, ठोकू नका. आणि बैठकीला पांढरी चादर, लोड-तक्के, पानाचा डबा बस्स.

धागाकर्ता: लाल मखमल! आता नवी अडचण, कृत्तिकेची नऊवारीच लाल काठाची आहे आणि ती बदलायला बाई तयार नाहीत. हिरवी मखमल चालेल का, उंदीरराव?

विंगेतला उंदीर: चालेल. पण आधी फाल्गुनरावाचं उपरणं बघून घ्या.