मदत हवी आहे: प्रोग्राम लटकतो, पण वॉचडॉग रीबूट करत नाही

नमस्कार मंडळी. विहिरीवर रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) बसवलाय. पाण्याची पातळी मोजायची आणि रिलेने (विजेवर चालणारा स्विच) मोटरचा स्टार्टर चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम. अधूनमधून लटकतो. मग कुणीतरी रात्री चिखल तुडवत जाऊन प्लग काढून परत घालायचा.

म्हणून पायमधलाच हार्डवेअर वॉचडॉग (ठरावीक वेळात हजेरी आली नाही तर रीबूट करणारा टायमर) चालू केला. सिस्टमडीत (लिनक्सवर सगळ्या सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम) १० सेकंद दिलेत. या चिपला साधारण १५ सेकंदांच्या वर झेपत नाही. मुद्दाम कर्नल (सिस्टमचा गाभा) पाडून बघितला, आपोआप रीबूट झाला. तिथवर झकास.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. माझा पायथन प्रोग्राम सेन्सरच्या सिरियल पोर्टवर वाट बघत अडकतो, आणि बाकी सगळं ठणठणीत, एसएसएचसुद्धा (दुरून लॉगिन). सिस्टमडी इमानदारीत वॉचडॉगला हजेरी देत राहतं, मग टायमर संपणार कसा?

सर्व्हिस फाइलमध्ये वॉचडॉगसेक (त्या प्रोग्रामच्या हजेरीची मुदत) लावून प्रोग्राममधूनच हजेरी पाठवावी, असं वाटतंय. ती वेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) पाठवली तर मुख्य लूप अडकला तरी हजेरी लागतच राहील, म्हणजे लूपमध्येच घालावी लागेल ना? की सरळ वेगळा वॉचडॉग डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) बरा? तसं केलं तर सिस्टमडीचा बंद करावा लागेल, कारण ते डिव्हाइस एका वेळी एकालाच उघडता येतं.

आणखी एक धास्ती: रीसेट होताना जीपीआयओ पिना (पायच्या सिग्नलच्या पिना, यांनाच रिले जोडलाय) इनपुट होतात. माझा रिले ॲक्टिव्ह-लो आहे, म्हणजे पिन लो झाली की चालू होतो. तेवढ्यात मोटर चालू होऊ नये म्हणून कुणी पुल-अप (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) लावलाय का? किती ओहमचा?