फर्नांडिस आडनाव कोकणात कसं पसरलं? मागच्या पिढ्या शोधायच्या तर कुठून सुरुवात करावी?

रेडीबंदर
वेंगुर्ले-सावंतवाडी पट्ट्यात फर्नांडिस आडनावाची घरं पुष्कळ आहेत. वसईत आहेत, गोव्यात तर आहेतच. तीन प्रश्न आहेत. या आडनावाचा मूळ अर्थ काय? सगळे फर्नांडिस एका मूळपुरुषाचे असू शकतात का? आणि सिंधुदुर्गातल्या एखाद्या फर्नांडिस घराण्याची वंशावळ काढायची तर कुठली दप्तरं, कुठल्या क्रमाने पाहावीत? 'पोर्तुगीज रक्त' वगैरे ऐकीव गोष्टी नकोत, कागदावर टिकेल असं सांगा.

मोडीवाचक
फर्नांडिस म्हणजे 'फर्नांदुचा मुलगा'. फर्नांदु हे नाव आयबेरियात (आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये) राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या जर्मानिक भाषेतून आलं. त्याच्या दुसऱ्या भागाचा अर्थ धाडस. पहिल्या भागाचा अर्थ कोणी प्रवास सांगतात, कोणी शांती.

शेवटचा 'एस' हा पोर्तुगीज 'चा मुलगा' प्रत्यय. रॉड्रिग्ज (रोद्रिगु), नुनिस (नुनु), लोपीस (लोपु), मेंडिस (मेंदु) ही सगळी त्याच साच्यातली. स्पॅनिशमध्ये तिथे 'झेड' लिहितात आणि जुन्या कॅस्टिलियन भाषेत आरंभीचा फ गळून ह झाला, म्हणून हर्नांडेझ हेही तेच नाव.

हा प्रत्यय एके काळी खरोखर बापाचं नाव सांगायचा. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु हेन्रिक्स, म्हणजे सरदार हेन्रिकचा मुलगा. नंतर प्रत्यय गोठला आणि नातवाचंही, पणतवाचंही तेच आडनाव राहिलं. फर्नांदु नावाची माणसं हजारोंनी होती, तेव्हा पोर्तुगालमध्येच या आडनावाला एक मूळपुरुष नाही. कोकणात कुठून असणार?

डिसोझा, डिसिल्वा, परेरा यांची तऱ्हा वेगळी. सोझा हे उत्तर पोर्तुगालमधल्या नदीचं नाव, सिल्वा म्हणजे रान, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. आपल्याकडे चिंचवडकर आणि पिंपळे जसे.

आगाशीकडचा
पसरण्याबद्दल. पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतला, बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये. वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ च्या तहाने मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. बाप्तिस्मा घेताना माणसाला नवं नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभा राहणाऱ्याचं), नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने ठरवलेलं. धर्मपिता म्हणून उभा राहणारा पोर्तुगीज अधिकारी किंवा शिपाई असे. एकाच दिवशी एका वाड्यावरच्या अनेकांचा बाप्तिस्मा झाला की भंडारी, कोळी, ब्राह्मण, कुणबी सगळे एकाच आडनावाखाली येत. म्हणून आडनाव सारखं आहे एवढ्यावरून भाऊबंदकी ठरत नाही, आणि पोर्तुगीज वंश तर नाहीच नाही.

तामिळ किनाऱ्यावरच्या 'परवर' नावाच्या कोळ्यांनी १५३० च्या दशकात सामूहिक बाप्तिस्मा घेतला. तिथे आणि श्रीलंकेत 'फर्नांदो' हे व्यक्तिनावच आडनाव बनलं, प्रत्यय लागलाच नाही. म्हणून कोलंबोचा फर्नांदो आणि मालवणचा फर्नांडिस यांच्यात फक्त शेवटाचा फरक दिसतो, पण त्यांच्या वाटा वेगळ्या.

मोडीवाचक
वंशावळीचं काम असं करा. आधी जिवंत माणसापासून मागे. जन्माची नोंद आधी शोधू नका, लग्नाची शोधा. त्यात वर-वधू दोघांच्या आई-बापांची नावं आणि दोघे मूळ कुठले ते असतं. सिंधुदुर्गातल्या चर्चच्या वहीत 'नातुराल दे' (मूळचा अमुक ठिकाणचा) या शब्दांपुढे एखाद्या गोव्यातल्या धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं, नाव दिसलं की पुढचा शोध तिकडे न्यायचा. बारदेश सीमेपासून जवळ आहे, मध्ये फक्त पेडणे, तेव्हा पहिला अंदाज तिथला धरा. गोव्यात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १९१४ पासूनची आहे, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

वाचताना चार ठिकाणी माणसं हमखास चुकतात.

आडनावं आखडून लिहिलेली असतात. फर्नांडिसचं फक्त एफ-आर-झेड, रॉड्रिग्जचं 'रोईज'. नावनिशीत 'फर्नांडिस' शोधाल तर निम्म्या नोंदी सुटतील.

महिने. '७' आणि पुढे 'ब्रो' म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. '८ब्रो' ऑक्टोबर, '९ब्रो' नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं चिन्ह असेल तर डिसेंबर. जुन्या रोमन गणतीत वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सेप्तें हा सातवा. ही एक चूक झाली की बाळ लग्नाआधी जन्माला येतं.

'साष्टी' दोन आहेत. एक गोव्याची, एक मुंबई-ठाण्याची. दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून पडलेली, आणि पोर्तुगीज कागदांत दोन्ही जवळजवळ सारखीच लिहिलेली. दप्तर गोव्याच्या अंमलातलं की उत्तरेच्या (वसई-ठाण्याकडच्या) प्रांतातलं, हे आधी पाहा.

चौथं महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकापर्यंत आडनाव पक्कं नव्हतं. सख्खे भाऊ वेगळी आडनावं लावत, मुलगी आजीचं घेई. 'वडील फर्नांडिस, मुलगा परेरा' दिसलं म्हणून नोंद टाकून देऊ नका. आई, वाडा आणि धर्मपिता जुळतात का ते पाहा.

रेडीबंदर
एकाच धर्मग्रामात तीन 'जुझे फर्नांडिस' सापडले तर?

आगाशीकडचा
तेव्हा घराचं टोपणनाव कामाला येतं. वहीत 'आल्कुन्या' शब्दापुढे ते असू शकतं. नसेल तर वाडा पाहा, मग धर्मपिते-धर्ममाता. नातेवाईकच पुन्हा पुन्हा उभे राहतात, त्यामुळे तीच दोन नावं तीन बाळंतपणांत आली तर आई-बाप बहुतेक एकच. प्रत्येक जुझेचा वेगळा कागद करा आणि बायकोचं नाव जुळेपर्यंत दोन कागद एकत्र करू नका.

गोव्यात आणखी एक दार आहे, गावकरीचं, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेचं. गावकरांची यादी वांगडवार (कुळांच्या शाखांप्रमाणे) असते, आणि वांगड धर्मांतराआधीपासूनचं. तिथे घराण्याचं मूळ कूळ कळण्याची शक्यता आहे, पण पूर्वज गावकर असला तरच.

मोडीवाचक
बाप्तिस्मा खुद्द धर्मांतराचा असेल तर आई-बापांपुढे 'जेंतिउ' लिहितात, म्हणजे हिंदू. त्या ओळीत कधी कधी जुनं मराठी-कोंकणी नाव पोर्तुगीज कानांनी ऐकून लिहिलेलं असतं. मोठ्याने वाचा, डोळ्यांना काही कळत नाही.

आणि एक सावधगिरी. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आशेने कोणी हे काढत असेल तर आडनावाचा काही उपयोग नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला पूर्वज लागतो. वसई १७३९ लाच गेली, आणि सावंतवाडी-वेंगुर्ले १९६१ मध्ये पोर्तुगीज हद्दीत नव्हतं.

रेडीबंदर
कळलं. आजोबांच्या पिढीतल्या लग्नापासून मागे जातो. इंग्रजी अंमलातल्या कागदांत 'फर्नांडेझ' दिसतं, ते वेगळं घराणं समजायचं का?

आगाशीकडचा
नाही. तो कारकुनाचा झेड. गोव्याच्या वह्यांत 'एस' आणि उच्चार 'फेर्नांदिश'च्या जवळचा. मुंबईकडच्या कचेऱ्यांत ज्याला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि मराठीतला 'ड' इंग्रजी वळणाचा. शोधताना एस, झेड आणि एफ-आर-झेड तिन्ही घालून पाहा.