मदत हवी आहे: वजनकाट्यावरच्या थिंकपॅड टी२३ ची बॅटरी मेली, सेल बदलता येतील का?

काटाघर_यवतमाळ
पांढरकवड्याजवळच्या जिनिंगच्या काट्यावर थिंकपॅड टी२३ आहे, २००१ चे मॉडेल. काट्याचा प्रोग्रॅम डॉसमधला, वजन दाखवणारा इंडिकेटर ९ पिनच्या सिरियल पोर्टवर आणि प्रिंटर पॅरलल पोर्टवर, त्यामुळे मशीन बदलायचे नाही. लाइन गेली की लॅपटॉप बंद. परत चालू केला की पावतीवर ०१-०१-१९८० छापून येते. कापसाची गाडी काट्यावर उभी असताना हे झाले की शेतकरी खोळंबतो.
पॅकवर १०.८ व्होल्ट लिहिले आहे. मीटरवर बाहेरच्या टोकांना ० येते. बाहेरून चार्ज देऊन पॅक जिवंत होईल का? नसेल तर सेल बदलून मिळतील का?

जुना_बोर्ड
तुमच्याकडे दोन वेगळ्या बॅटऱ्या मेल्या आहेत. तारखेचा घोळ मोठ्या पॅकचा नाही. आत नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो, त्याला दोन बारीक वायरी आणि छोटा प्लग. जुन्यावरचा नंबर वाचून तोच घ्या, वायरीसकट मिळतो. त्यावर स्वतः डाग (सोल्डर) देऊ नका.
काढण्याआधी बायोस सेटअप (मशीन चालू होतानाचा सेटिंगचा पडदा) उघडून सिरियल आणि पॅरलल पोर्टची पाने कागदावर उतरवा. कॉम-१, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टसाठी, ३एफ८ हा पत्ता आणि आयआरक्यू (इंटरप्ट) ४ हे नेहमीचे आकडे, पण तुमचे वेगळे असू शकतात. सुपरव्हायजर पासवर्ड लावलेला असेल तर आधी तो शोधा. तो वेगळ्या ईईपीरॉममध्ये (बॅटरीशिवायही माहिती धरणारी चिप) राहतो, नाणे सेल काढून जात नाही. उलट सेटिंग उडाले आणि पासवर्ड आठवत नसला की मशीन सेटअपच्या दारातच अडते.

निकेलपट्टी
आता पॅक. बाहेर ० येते म्हणजे आतल्या सर्किटने वाट बंद केली आहे, सेलमध्ये किती उरले ते त्यावरून कळत नाही. खोका उघडून दोन-दोन सेलच्या तीन जोड्या वेगवेगळ्या मोजा. एखादी जोडी कितीतरी महिने २ व्होल्टच्या खाली पडून असेल तर तिला चार्ज देऊच नका. आतले तांबे विरघळलेले असते, चार्ज देताना ते परत जमते आणि सेल आतूनच शॉर्ट होतो. इतक्या जुन्या पॅकमध्ये सहाही बदलायचे, एक-दोन नाही.

खोक्याची शिवण चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने थोडी गरम करून पातळ पाते फिरवा. स्क्रू ड्रायव्हर खोल घालू नका, सेलला भोक पडते.

नवे सेल १८६५० मापाचे, ३.६ किंवा ३.७ व्होल्टचे, २२०० ते २६०० एमएएच, सहाही एकाच कंपनीचे आणि एकाच लॉटचे. ९९०० छापलेले सेल खोटे. या मापात खरे आकडे ३५०० ते ४००० च्या आसपास संपतात. खऱ्या सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम भरते, सोनाराच्या काट्यावर टाकून बघा. ३.२ व्होल्टचे फॉस्फेट सेल चालणार नाहीत, लॅपटॉप प्रत्येक जोडीला ४.२ पर्यंत चढवतो.

जोडण्याआधी सहाही सेलचे व्होल्टेज ०.०५ च्या आत जुळवून घ्या. जुन्या सेलपासून सर्किटच्या वायरी सोडवताना वरच्या व्होल्टेजपासून खाली या: आधी १०.८, मग ७.२, मग ३.६, शेवटी निगेटिव्ह. नवा जोडताना नेमके उलट, निगेटिव्ह आधी. क्रम चुकला तर काही पॅकमधली गेज चिप (चार्ज मोजणारी) कायमची कुलूप लावून घेते आणि नवे सेल असूनही पॅक मेलेलाच दिसतो. सगळ्यात जास्त पॅक इथेच वाया जातात.

काटाघर_यवतमाळ
नवे सेल सोल्डर करू का? इथे कोणाकडे स्पॉट वेल्डिंग नाही.

निकेलपट्टी
नाही भाऊ. डाग देताना लागणारी उष्णता आतल्या सील आणि पडद्याला इजा करते. ई-रिक्षा, ई-बाइकच्या लिथियम बॅटऱ्या बांधणारे स्पॉट वेल्डिंग करतात, तिथे विचारा. नाहीच जमले तर टॅब (पट्टीचे तुकडे) लावूनच येणारे सेल मागवा आणि फक्त टॅबवर डाग द्या.
सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ बाय ८ मिलिमीटर. खरी की लोखंडावर मुलामा, हे ओळखायला तुकडा खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. गंज आला तर लोखंड. प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर कागदी वॉशर हवाच. सेलचे अख्खे डबडे कडेपर्यंत निगेटिव्ह असते, पट्टी कडेला टेकली की ठिणगी. थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) होता तिथेच सेलला चिकटवून बसवा, थर्मल फ्यूजला (फार तापले की वाट तोडणारा) बायपास देऊ नका.
पहिला चार्ज रुईपासून लांब, फरशीवर, समोर बसून. मग एकदा पूर्ण भरा आणि बायोसच्या पडद्यावर ठेवून पूर्ण उतरू द्या, तिथे मशीन झोपत नाही. दोन-तीनदा केले की टक्केवारी बरीचशी जुळते.

विदर्भ_वायरिंग
दोन गोष्टी सुटल्या. अशा सेलचा चार्ज साधारण ४५ अंशांपर्यंतच द्यायचा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टिनाच्या केबिनमध्ये दुपारी त्याच्या वर जाते, तेव्हा पॅक काढून फक्त अडॅप्टरवर चालवा. अडॅप्टर १६ व्होल्टचाच, पुढच्या मॉडेलचा २० चा लावू नका. सीझन संपला की निम्म्यावर आणून बाहेर काढून ठेवा.
दुसरे, लाइन गेल्यावर इंडिकेटर चालू राहतो का? तो बंद पडला तर लॅपटॉप चालू असून वजन येणार कुठून?

काटाघर_यवतमाळ
तोही बंद पडतो. मागचे झाकण उघडले, आत ६ व्होल्ट ४.५ एएचची शिशाची बॅटरी आहे, मीटरवर ४.१ येते.

विदर्भ_वायरिंग
मग आधी ती बदला. नवी, भरलेली बॅटरी थोडा वेळ सुटी ठेवून मोजली की ६.४ च्या आसपास दाखवायला हवी. बसवल्यावर लाइन चालू ठेवून तिच्या टोकांवर ६.८ च्या आसपास येते का बघा. ६.४ च्या वर सरकतच नसेल तर इंडिकेटरचे चार्जिंग गेले आहे, नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल. प्रिंटरसाठी मात्र यूपीएस लागेलच.