'काळजी करू नकोस' एवढंच म्हणणं पुरे झालं: गरोदरपणातली व्यंगाची भीती

अबोली_सातारा:
मला बाविसावा आठवडा चालू आहे. बाराव्या आठवड्यात डबल मार्करचा, म्हणजे बाळात डाउन सिंड्रोमसारखं व्यंग असण्याची शक्यता आईच्या रक्तावरून सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला तो शनिवारी संध्याकाळी, मोबाइलवर. ठळक अक्षरांत 'हाय रिस्क', शेजारी 1:180. डॉक्टर भेटणार सोमवारी. दोन रात्री मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. आई, सासूबाई, नवरा, सगळ्यांचं एकच पालुपद: काळजी करू नकोस, बाळावर परिणाम होतो. म्हणजे आधीच जीव टांगणीला, वर काळजी करते म्हणून मीच अपराधी.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं की असा आकडा आलेल्या 180 बायकांमध्ये एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम (जास्तीच्या गुणसूत्रामुळे येणारी जन्मजात अवस्था) असतो, 179 जणींच्या नसतो. रिस्क 1:250 पेक्षा जास्त आली की रिपोर्टवर 'हाय' छापतात. ही चाळणी आहे, निदान नाही. पुढे एनआयपीटी केली, म्हणजे आईच्या रक्तातल्या डीएनएवरून होणारी जास्त अचूक चाळणी, ती 'लो रिस्क' आली. पण हे एवढं रक्त घेण्याआधी कुणी सांगितलं असतं तर? माझं म्हणणं साधं आहे. भीती गोड बोलून जात नाही. कुठली तपासणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे आधी सांगा. तपासण्या सगळ्या करा, पण समजावून करा.

गोदाकाठ:
अबोली, तुझ्या त्या दोन रात्री मला कळतात. पण दुखणं दिलं कुणी? त्या तपासणीनेच ना? माझ्या दुसऱ्या खेपेला मी मार्कर केली नाही, आणि ती विसरून नाही, ठरवून. आम्ही दोघांनी आधीच बोलून घेतलं होतं की जे मूल येईल ते आपलं. ज्या उत्तराने आपण वेगळं काही करणार नाही, तो प्रश्न विचारायचा कशाला? 'सगळ्या करा' हा सल्ला मला पटत नाही. न जाणून घेण्याचाही हक्क असतो बाईला.

सोनोग्राफीवाली:
काकू, हक्क आहेच. मार्कर नको म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे येतात आणि मी त्यांना आग्रह करत नाही. पण 'वेगळं काही करणार नाही' हे नेहमी खरं नसतं. हृदयाचे काही दोष असे आहेत की बाळ जन्मल्यावर तासांत, दिवसांत उपचार लागतात. ते आधी कळलं तर बाळंतपण गावातल्या प्रसूतिगृहात न करता, जिथे लहान मुलांचे हृदयशल्यचिकित्सक आहेत तिथे ठरवता येतं. मूल ठेवायचंच आहे, त्या आईलाही हे हवं असतं.

आता आमच्या बाजूचं. 18 ते 20 आठवड्यांच्या अ‍ॅनॉमली स्कॅनला, म्हणजे व्यंग शोधण्याच्या सोनोग्राफीत, मी कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय बघते. मापं घेताना मी गप्प होते. टेबलावरची बाई माझा चेहरा वाचत असते, हे मला फार उशिरा कळलं. एकदा एकीने माझं मनगटच धरलं, "मॅडम, काय दिसलं?" मी नुसती मांडीचं हाड मोजत होते. तेव्हापासून मी मोठ्याने बोलत तपासते: हा कणा, हे पोट, आता मी दोन मिनिटं हृदय बघणार आहे.

आणखी एक. हृदयात एक पांढरा ठिपका दिसला असं रिपोर्टात लिहिलेलं असतं, आणि घरोघरी रडारड होते. बाकी सगळं नीट असेल आणि आधीच्या तपासण्या चांगल्या असतील, तर त्या एकट्या ठिपक्याने हृदयाला काही होत नाही. उलट बाजूही सांगते. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे सगळ्याची हमी नाही. बहिरेपण, स्वमग्नता सोनोग्राफीत दिसत नाहीत.

माजघर:
आमच्या काळी एवढं काही नव्हतं. ग्रहण पाळायचं, सुरी-कात्री हातात घ्यायची नाही, झालं. त्याने मनाला आधार मिळायचा. एक दिवस चिरलं-कापलं नाही तर कुणाचं काय बिघडतं?

तिसरा_मजला:
माजघर काकू, बिघडतं, आणि कसं ते सांगते. माझ्या बहिणीच्या मुलीचा ओठ दुभंगलेला होता. बाळ बघायला आलेली प्रत्येक बाई एकच विचारायची: "ग्रहणात काय कापलं होतंस?" बाळाला दूध ओढता येत नाही, ही वाटी-चमच्याने एकेक घोट पाजते आहे, आणि तरी गुन्हेगार हीच. ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो. त्या वर्षीचं ग्रहण तिच्या सातव्या महिन्यात होतं! ऑपरेशन होऊन आता फक्त एक बारीक रेघ दिसते, पण तो प्रश्न ती विसरलेली नाही. ग्रहण पाळणारीने पाळावं. पण त्याचा हिशेब आईकडे मागू नका.

सातपुड्याची_सिस्टर:
मी नंदुरबारकडे नर्स आहे. तुमची चर्चा वाचते आहे, पण ही सगळी शहराची काळजी. माझ्याकडे बाई येते तीच तिसरा महिना सरल्यावर. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मी तेव्हा हातात ठेवते. ज्या मज्जारज्जूसाठी ती द्यायची, त्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद झालेली असते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तोवर. रोजची 400 मायक्रोग्रॅमची ती गोळी दिवस राहण्याआधीपासून हवी. मी तर म्हणते, मूल हवं असं ठरलं की त्याच दिवशी सुरू करा. आधीच्या बाळाला कण्याचा दोष असेल तर डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

आमच्याकडची खरी भीती सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष अंगात असेल, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची. बाईचं रक्त तपासते, नवऱ्याला बोलवा म्हणते, तर तो गुजरातला ऊसतोडीला गेलेला. अबोलीताई, 'समजावून सांगा' बरोबरच आहे. पण समजावायला माणूस आणि ऐकायला नवरा, दोन्ही वेळेत मिळायला पाहिजेत.

कायदा_बघतो:
वेळेवरून आठवलं. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयात एका गर्भवतीची गर्भपाताची परवानगी नाकारली गेली. बाळाच्या हृदयात दोष होता आणि तेव्हाची 20 आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मार्ग आहे. तरी स्कॅन बाविसाव्या आठवड्यावर ढकलू नका. विचार करायला दिवस उरत नाहीत.

चाफा९:
मी इथे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. तुम्ही सगळे ज्याला घाबरताय तो माझा मुलगा आहे. नऊ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. याचा धोका आईच्या वयाबरोबर वाढतो आणि मी तेव्हा 27 ची होते, त्यामुळे कुणाच्या मनातही आलं नाही. जन्मानंतर कळलं. हृदयात छिद्र होतं, पाचव्या महिन्यात ऑपरेशन झालं. आधी कळलं असतं तर ते पाच महिने मी अंधारात काढले नसते, म्हणून सोनोग्राफीवाल्या ताईंचं मला पटतं. पण 179 जणींच्या बाळांना 'नाही' म्हणून सुटलो, असं वाचताना आत तुटतं हो. एकशेऐंशीवी मीच आहे. कुणी मूल ठेवावं की नाही, हे मी सांगणार नाही. ज्या घरात पैसा नाही, माणूस नाही, तिथल्या बाईला मी काय सांगू? फक्त ठरवण्याआधी अशा एका घरी जाऊन तासभर बसा. नुसता रिपोर्ट वाचून ठरवू नका.

नवरा_म्हणून:
बायकोचा रिपोर्ट असाच आला होता. मी रोज 'काही होणार नाही' म्हणायचो आणि रात्री बाल्कनीत येरझारा घालायचो. चौथ्या दिवशी तिला म्हणालो, "मलाही भीती वाटते गं." ती रडली, आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपली.

गोदाकाठ:
माझं मत तेच आहे, 'सगळ्यांनी सगळ्या तपासण्या' याला माझा विरोध. पण हृदयाचं मला माहीत नव्हतं. स्कॅन करावा, मार्करचं ज्याचं त्याने ठरवावं, इथवर मी येते.

अबोली_सातारा:
काकू, 'सगळ्या करा' हे मी मागे घेते, 'समजावून' मात्र नाही. चाफाताई, 179 चं वाक्य लिहिताना तुम्ही डोळ्यांपुढे नव्हतात. माफ करा. एक विचारू? पहिल्या दिवशी कुणी काय बोलायला हवं होतं तुमच्याशी?

चाफा९:
'अभिनंदन'. दवाखान्यात सगळ्यांना म्हणत होते. आमच्या खाटेपाशी आल्यावर गप्प झाले.