पर्यावरणाविषयी स्त्री-पुरुषांच्या मतांतला फरक मतदानात दिसतो का?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये राज्यशास्त्राच्या एम.ए.ला आहे. २०२७ च्या सिंहस्थात साधुग्राम उभारण्यासाठी तपोवनातील झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून नागरिक एकत्र आले, तेव्हा मीही काही संध्याकाळी सह्या गोळा करत होते. सही करताना थांबून बोलणाऱ्यांत बायका अधिक होत्या; पुरुषांपैकी अनेकांनी मात्र सिंहस्थामुळे रस्ते होतील, धंदा वाढेल हा मुद्दा आधी काढला. ज्या बायका झाडांविषयी इतक्या कळकळीने बोलल्या, त्यांनाच मी विचारले की नगरसेवक निवडताना झाडांचा आणि गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पाण्याचा विचार कराल का. त्यावर बहुतेकींनी नळाला येणारे पाणी, उमेदवाराची ओळख आणि घरातून ठरलेला पक्ष ही कारणे सांगितली.

युरोपात स्त्रिया हरित पक्षांना, म्हणजे पर्यावरण हाच मुख्य मुद्दा असलेल्या पक्षांना, पुरुषांपेक्षा अधिक मते देतात, असे वाचनात आले. हा फरक खरोखर स्वभावाचा आहे का, आणि असेल तर तो आपल्याकडे मतदानात का दिसत नाही? लघुप्रबंधासाठी हा विषय घ्यावा असे मनात आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

जुने नाशिक

ताई, तुम्ही जे पाहिले त्याला अभ्यासांचा आधार आहे. झेलेझ्नी, चुआ आणि ऑल्ड्रिच यांनी २००० साली १४ देशांतील माहिती तपासली, तेव्हा पर्यावरणाविषयीची आस्था स्त्रियांमध्ये अधिक आढळली. असा फरक बहुधा लहानच असतो, पण पुन्हा पुन्हा दिसतो. त्याआधी १९९६ मध्ये डेव्हिडसन आणि फ्रॉइडेनबर्ग यांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला होता; त्यात असे दिसले की आरोग्याला आणि सुरक्षिततेला धोका आहे असा प्रश्न आला, विशेषतः तो स्वतःच्या परिसरातला असला, की हे अंतर सर्वांत स्पष्ट होते. मॅक्राइट यांचा २०१० चा अमेरिकेतील अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. हवामानबदलाविषयी स्त्रियांची माहिती पुरुषांपेक्षा किंचित अधिक अचूक निघाली, आणि तरीही आपल्याला या विषयातले कमी कळते असे त्यांनीच सांगितले. आपल्या सभांमध्ये माईक कोणाच्या हाती असतो हे आठवले, तर या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

मात्र ‘स्वभाव’ हा शब्द मी वापरणार नाही. १९९४ मध्ये फ्लिन, स्लोविक आणि मेर्ट्झ यांनी अमेरिकेत दाखवले की धोका सर्वांत कमी मानणारा गट गोऱ्या पुरुषांचा होता, तर इतर वंशांच्या स्त्री-पुरुषांमध्ये तसे अंतर जवळजवळ नव्हते. फरक निसर्गदत्त असता तर तो सगळीकडे सारखा दिसला असता. ज्याच्या हाती सत्ता आणि निर्णय असतात त्याला धोका लहान वाटतो, असे माझे यावरून मत झाले आहे.

पेठची लेक

माझे माहेर पेठ तालुक्यातले. सह्याद्रीचा घाटमाथा, पावसाळ्यात कोसळणारा पाऊस, आणि एप्रिल उजाडला की डोक्यावर हंडे घेऊन विहिरीकडे चालणाऱ्या बायका. माझ्या आईला ‘पर्यावरण वाचवले पाहिजे का’ असे विचारले तर काय उत्तर द्यावे हे तिला कळणार नाही, पण कोणत्या झऱ्याचे पाणी कोणत्या महिन्यात आटते आणि वरची झाडी गेल्यावर ते किती लवकर आटू लागले, हे ती तारीखवार सांगते. म्हणून सर्वेक्षणातला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यावर निम्मे उत्तर ठरते असे मला वाटते.

अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये हेच मांडले: स्त्री निसर्गाच्या जवळ असते ती बाई म्हणून नव्हे, सरपण, चारा, पाणी ही कामे तिच्या वाट्याला येतात आणि जमीन तिच्या नावावर नसते म्हणून. चिपको आंदोलनात २६ मार्च १९७४ रोजी आजच्या उत्तराखंडातल्या रैणी गावात गौरादेवींसह बायकांनी झाडे वाचवली, तेव्हा गावातले पुरुष नुकसानभरपाईसाठी बाहेर गेले होते, हेही आपण विसरतो.

सत्ता हाती आली की काय होते, त्याचे उत्तर चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात मिळते. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात ज्या ग्रामपंचायतींचे प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव होते, तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक काम झाले. राजस्थानात या स्त्री-प्रमुखांनी रस्त्यांकडे कमी लक्ष दिले, बंगालमध्ये मात्र अधिक; कारण तिथल्या बायकांच्या तक्रारींत रस्तेही होते. आपल्याकडे २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तुम्ही मतदारांइतकेच सरपंचबाई आणि नगरसेविका यांच्या कामाकडेही पाहावे असे मी सुचवीन.

द्राक्षबाग

मी दिंडोरीचा शेतकरी. फवारणीचे विष आम्हा पुरुषांच्याच अंगावर येते, रात्री डोळे चुरचुरतात, आणि तरीही औषध कमी करू असे आम्ही चारचौघांत म्हणत नाही, कारण माल नाकारला गेला तर वर्षभराचे कर्ज अंगावर राहते. हे घरी बायकोच बोलून दाखवते. म्हणजे चिंता दोघांनाही आहे. ती उघड बोलण्याची मोकळीक मात्र सारखी नाही. ओला-सुका कचरा वेगळा करणे, कापडी पिशवी आठवणीने नेणे, मूर्तिदानासाठी मुलांना घेऊन जाणे ही कामे घरात कोण करते, हेही मोजा. त्याला नुसती ‘हरित वृत्ती’ म्हणू नका, तो कामाचा वाढीव बोजाही आहे.

मतमोजणी

मतदानाविषयी. जर्मनीत काही निवडक केंद्रांवर मतपत्रिकेवरच मतदाराचे लिंग आणि वयोगट छापलेला असतो, नाव अर्थातच नसते, त्यामुळे कोणी कोणाला मत दिले याचा प्रत्यक्ष मतांवर आधारलेला हिशेब मिळतो. आपल्याकडे किती स्त्रियांनी मतदान केले एवढेच कळते. २०१९ च्या लोकसभेत स्त्रियांचा टक्का ६७.१८ होता आणि पुरुषांचा ६७.०१, म्हणजे बायका मागे नव्हत्या. पण त्यांनी मत कोणाला दिले, यासाठी मतदानोत्तर सर्वेक्षणांवरच विसंबावे लागते.

दुसरे, जर्मन हरित पक्ष १९८३ मध्ये ५.६ टक्के मतांवर संसदेत पोहोचला, कारण तेथे पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. तेव्हा त्याला पुरुषांची मते किंचित अधिक होती. स्त्रियांचे पारडे नंतर जड झाले. म्हणजे तो कलही कायमचा नाही. आपल्याकडे सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो, त्यामुळे अशा छोट्या पक्षाला मिळालेली पाच टक्के मते वाया जातात, आणि उमेदवारांत झाडांसाठी बोलणारा कोणी नसला तर आस्था असलेल्या बाईने बटण कोणते दाबावे?

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझा प्रश्नच चुकीच्या जागी होता हे लक्षात आले. मी पक्षांची मते मोजण्याचा नाद सोडते. नाशिक महापालिकेतल्या नगरसेविकांनी आणि नगरसेवकांनी सभागृहात पाणी, नाले, झाडे आणि नदी यांवर किती प्रश्न मांडले, हे इतिवृत्तांतून काढता येईल का, ते आधी पाहते. पेठच्या ताई, तुमच्या आईंशी बोलण्यासाठी एप्रिलमध्ये आले तर चालेल का?

पेठची लेक

अवश्य या. सकाळी सहाच्या आधी पोहोचा, नंतर आई विहिरीवर गेलेली असते.