विषय: मुलीला फिल्म डायरेक्टर व्हायचंय, इथे ऑस्ट्रेलियात राहून होतं का?

नमस्कार मंडळी,
दिवाळीच्या मेल चालू असताना मधेच वेगळा विषय काढतेय. लेक यंदा व्हीसीई (म्हणजे इथली बारावी) करतेय, मीडिया विषय घेतलाय आणि आता म्हणते पुढे फिल्मच शिकणार, डायरेक्शन. आम्ही दोघंही आयटीतले, या क्षेत्रातलं ओ की ठो कळत नाही. विरोध अजिबात नाही पण माहिती हवीये. तिला म्हटलं आशियातून इथे आलेल्यांपैकी कोण झालंय डायरेक्टर, तर जेम्स वानचं नाव घेतलं, पण तो तर अमेरिकेत ना? इथेच राहून कुणाचं नीट करिअर झालंय का, आणि मधल्या काळात पोट कशावर चालतं? माहीत असेल त्यांनी प्लीज लिहा.

---

ताई,
मी मेलबर्नमध्ये टीव्हीच्या पोस्ट-प्रोडक्शनमध्ये (शूटिंगनंतरचं एडिटिंग वगैरे) काम करतो म्हणून लिहितोय. जेम्स वानचं बरोबरच आहे, जन्म मलेशियात कुचिंगचा, वाढला पर्थमध्ये, शिकला इथेच मेलबर्नच्या आरएमआयटी युनिव्हर्सिटीत, पण 'सॉ' या हॉरर पिक्चरला इथे पैसे मिळेनात म्हणून तो आणि त्याचा मित्र ली व्हॅनेल एक सीन शूट करून लॉस एंजेलिसला घेऊन गेले आणि पिक्चर तिकडे झाला, 2004 साली. ती एक वाट. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथलाच डायरेक्टर टोनी एअर्स.

एअर्सचा जन्म 1961 चा, मकाऊचा. आई नाइटक्लबमध्ये गाणारी, एका ऑस्ट्रेलियन खलाशाशी लग्न करून मुलांना घेऊन इकडे आली, आणि हा लहान असतानाच तिने आत्महत्या केली. पुढे फिल्म स्कूल वगैरे झालं, पण शिकून बाहेर पडल्यावर लगेच पिक्चर कोणी दिला नाही. सुरुवात डॉक्युमेंटरीपासून. 'चायना डॉल्स' 1997 मध्ये, आशियाई-ऑस्ट्रेलियन गे पुरुषांबद्दल, स्वतः त्यातलाच असल्यामुळे आतून सांगितलेली. मग 'सॅडनेस', फोटोग्राफर विल्यम यांगच्या रंगमंचावरच्या कार्यक्रमावरून. एसबीएससारखं सरकारी चॅनेल नसतं तर असल्या गोष्टींना त्या काळी दार कोणी उघडलं असतं असं मला वाटत नाही, आपण एसबीएस फक्त फुटबॉल नि बातम्यांसाठी लावतो पण इथल्या कितीतरी डायरेक्टरांची पहिली भाकरी तिथली आहे.

पहिला मोठा पिक्चर 'वॉकिंग ऑन वॉटर' 2002 ला, त्याला बर्लिन फेस्टिव्हलमध्ये टेडी अवॉर्ड (समलिंगी विषयांवरच्या पिक्चरसाठीचं) मिळालं. आणि मग 'द होम साँग स्टोरीज', 2007. हा त्याच्या आईचा पिक्चर. जोन चेन आईच्या भूमिकेत, बोलणं इंग्लिशबरोबर कँटोनीज नि मँडरिनमध्येही, ऑस्ट्रेलियाने त्या वर्षी ऑस्करच्या परभाषा विभागात हाच पाठवला होता. एएफआयची (ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूट) आठ अवॉर्ड्स, त्यात दिग्दर्शन आणि पटकथा दोन्ही त्याची.

आता लेकीला नीट दाखवायची गोष्ट ही, की आठ अवॉर्ड्सनंतर त्याचा पुढचा पिक्चर 'कट स्नेक' यायला 2014 उजाडलं. सात वर्षं! मधे तो बसून नव्हता. 2008 मध्ये चार सहकाऱ्यांबरोबर मॅचबॉक्स पिक्चर्स ही कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळला. 2011 ची एबीसी या सरकारी चॅनेलवरची 'द स्लॅप' ही मालिका आठवत असेल, बार्बेक्यूला एक माणूस दुसऱ्याच्या पोराला थोबाडीत मारतो आणि मग आठ एपिसोड, प्रत्येक एका वेगळ्या माणसाच्या बाजूने. त्यात चार डायरेक्टर होते, एअर्स त्यातला एक, पण अख्खी मालिका उभी करणाऱ्यांतला प्रमुख. नुसत्या डायरेक्शनवर या देशात घर चालणं महाकठीण, मार्केटच लहान आहे. जो लिहू शकतो आणि प्रोड्यूस करू शकतो तो टिकतो.

---

एक शंका. म्हणजे हा मनुष्य शेवटी प्रोड्युसर झाला, असंच ना? पोरीला डायरेक्टर व्हायचंय आणि आपण तिला कंपनी काढायला सांगतोय. मी जुना माणूस, पण मला हे डायरेक्शन सुटल्यासारखं वाटतं.

---

काका, तुमचा मुद्दा खरा आहे, सुटतं थोडं. पण टीव्हीत गोष्ट कोणाची सांगायची, कोणाला घ्यायचं हे ठरवतो तो वरचा माणूस, एपिसोडचा डायरेक्टर बऱ्याचदा ठरलेल्या स्क्रिप्टवर येतो आणि जातो. 'द फॅमिली लॉ' बघा, 2016 ची, क्वीन्सलंडच्या चिनी कुटुंबाची कॉमेडी, लेखक बेंजामिन लॉच्या आठवणींवरून. ती मॅचबॉक्सने केली, एअर्स एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. त्या खुर्चीत आपल्यातलं कोणी नसतं तर शेजारचा आशियाई डॉक्टर किंवा दुकानदार एवढंच काम आपल्या पोरांना मिळत राहतं, आणि याचा मला खरंच राग येतो. पुढे 2020 ला केट ब्लँचेट आणि एलिस मॅक्रीडीबरोबर 'स्टेटलेस' ही मालिका, इमिग्रेशन डिटेन्शनवर (व्हिसा नसलेल्यांना डांबून ठेवतात त्यावर). मग 2021 ला नेटफ्लिक्सची 'क्लिकबेट', तीही एअर्सचीच मालिका, गोष्ट कॅलिफोर्नियातली पण शूटिंग इथे मेलबर्नमध्ये, म्हणजे अमेरिकेचा पैसा इथे आला आणि आमच्यासारख्यांना काम मिळालं.

ताई, व्हीसीएला (मेलबर्नचं कला कॉलेज, तिथे फिल्म शिकवतात) जरूर अर्ज करू दे, पण नुसत्या शोरीलवर (स्वतःच्या कामाचे निवडक तुकडे) भर नको, स्क्रिप्ट लिहायची सवय आत्तापासून लावा, इंग्लिश विषयाकडे दुर्लक्ष करू नका. पहिल्या वर्षांत रनर (सेटवरची पडेल ती कामं करणारा) किंवा एडिट असिस्टंटचं काम मिळालं तर कमीपणा मानू नका, सगळे तिथूनच येतात.

---

खूप खूप धन्यवाद दादा. लेकीने पूर्ण मेल दोनदा वाचली. 'होम साँग स्टोरीज' या शनिवारी बघायचं म्हणतोय, सासूबाई पण आल्यात पुण्याहून. चालेल ना सगळ्यांबरोबर?

---

ताई, बघा जरूर, पण जड आहे. आईच्या आत्महत्येचे प्रयत्न मुलांच्या नजरेतून दाखवलेत, तेव्हा सासूबाईंना आधी कल्पना द्या. आणि लेकीला सेटवर यायचं असेल तर मला वेगळी मेल करा, ओळखीच्या एडिटरांकडे विचारतो.